कोणत्या टप्प्यावर कुणाची मदत: स्तनाच्या कॅन्सरचे उपचार आणि मनावरचा ताण

गाठ हाताला लागल्यापासून उपचार संपेपर्यंत मनावर एकच एक ताण नसतो. दर टप्प्यावर त्याचं रूप बदलतं आणि लागणारी मदतही बदलते. बायोप्सीच्या दिवसांत जे माणूस जवळ हवं असतं, तेच केमोच्या दहाव्या दिवशी उपयोगी पडेल असं नाही. या वाटेने जाऊन आल्यावर हे सविस्तर लिहावंसं वाटलं. उपचारांची माहिती रुग्णालयात मिळते, पण मदत कुणाकडे, कशी आणि कधी मागायची हे कुणी कागदावर लिहून देत नाही.

सुरुवात वाट बघण्यापासून होते. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी एका दिवसात उरकतात. बायोप्सीचा पहिला रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, आणि त्यात कॅन्सर निघाला तर ईआर, पीआर (गाठ संप्रेरकांवर वाढते का) आणि हर-टू (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) या तपासण्यांसाठी आणखी काही दिवस थांबावं लागतं. हर-टू ‘२+’ आलं तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही, फिश नावाची वेगळी जनुकीय तपासणी करावी लागते. म्हणजे पुन्हा वाट बघणं. हे आधी माहीत नसलं की ‘रिपोर्ट अजून आला नाही म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट आहे’ असं मन धरून बसतं. म्हणून नमुना देतानाच विचारून घ्या: कोणकोणते रिपोर्ट येणार, कोणत्या क्रमाने, साधारण कधी, आणि कळवणार कोण. तारीख हाती असली की धास्ती जात नाही, पण तिला एक हद्द पडते.

झोप उडते, जेवण जात नाही, एकच प्रश्न डोक्यात फिरत राहतो, तो याच काळात. आणि नेमकं तेव्हाच सगळे माहिती द्यायला धावतात. अमक्याच्या मावशीला काय झालं होतं, तमकीने कोणता काढा घेतला. या काळात माहितीचा पूर नको असतो. जवळ बसणारं, मध्येच न बोलणारं एक माणूस हवं असतं.

आधाराचे साधारण चार प्रकार मानतात. ऐकून घेणारा, माहिती काढून देणारा, प्रत्यक्ष काम करणारा, आणि ‘तुला जे होतंय ते या आजारात होतंच’ हे अनुभवातून सांगणारा. एकाच माणसात हे चारही गुण क्वचित असतात. नवरा रात्रभर उशाशी बसेल, पण डॉक्टरांना प्रश्न विचारताना गडबडेल. बहीण विम्याचा फॉर्म अचूक भरेल, पण रडू लागलात की विषय बदलेल. दोघांवर रागावण्यापेक्षा ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे द्यावं. निदान झाल्यावर पहिल्याच आठवड्यात कागद घेऊन चार रकाने आखा आणि प्रत्येकात किमान एक नाव लिहा. जो रकाना रिकामा राहील तिथेच पुढे अडचण येणार हे समजून घ्या आणि तिथे बाहेरची मदत शोधा: रुग्णालयातला समाजसेवा विभाग, समुपदेशक, उपचार पूर्ण केलेल्या स्त्रियांचा गट.

निदानानंतरच्या पहिल्या मोठ्या भेटीला एकटं जाऊ नका. ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडल्यानंतरचं बरंचसं बोलणं डोक्यात शिरत नाही. सोबतच्या माणसाने वहीत लिहून घ्यावं. डॉक्टरांची परवानगी घेऊन बोलणं फोनवर रेकॉर्ड केलं तर आणखी चांगलं. प्रश्न आदल्या रात्री लिहून न्या आणि सगळ्यात महत्त्वाचे तीन वर ठेवा, कारण वेळ तेवढाच मिळतो. आणखी एक गोष्ट विचारा, ‘निर्णय किती दिवसांत घ्यायला हवा?’ बहुतेक वेळा दुसरं मत घ्यायला आणि विचार करायला थोडे दिवस मिळतात. ‘आजच्या आज ठरवा’ असं आपल्याला वाटतं ते भीतीपोटी. दुसऱ्या मतासाठी फक्त रिपोर्ट नेऊन भागत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ठोकळे लागतात, त्यासाठी पॅथॉलॉजीकडे लेखी अर्ज करावा लागतो आणि ते मिळायला वेळ जातो. हे काम माहिती काढणाऱ्या माणसाकडे द्या.

कागदांचंही तसंच. फाईलमध्ये रिपोर्ट तारखेप्रमाणे, बिलं वेगळी, औषधांच्या चिठ्ठ्या वेगळ्या, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती. विमा असेल तर दर दाखल होण्याआधी पूर्वमंजुरी लागते का, केमोच्या प्रत्येक सायकलला, म्हणजे फेरीला, नव्याने लागते का, हे आधी विचारावं. रजेचं प्रमाणपत्र मागताना डॉक्टरांना संपूर्ण उपचारांचा अंदाजे काळ लिहायला सांगा, नाहीतर दर काही दिवसांनी त्याच रांगेत उभं राहावं लागतं. खर्चाचा अंदाज काढताना औषधांबरोबर येण्याजाण्याचा खर्च, पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं, पट्ट्या, विग, कृत्रिम स्तन आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला पगार हे सगळं धरा. पैशाची काळजी हा मानसिक ताणाचाच भाग आहे आणि तो समुपदेशनाने कमी होत नाही, आकडा समोर आल्याने होतो.

घरातल्या मुलांना सांगायचं की नाही, यावर घरोघरी खल होतो. सांगावं. मुलांना घरातला बदल कळतोच, आणि न सांगितलेली गोष्ट ती स्वतःच्या मनाने रचतात. लहान मुलांना चार वाक्यं पुरतात. आजाराचं नाव, तो शिवल्याने होत नाही, तुझ्या वागण्यामुळे झालेला नाही, आणि आई रुग्णालयात असेल तेव्हा तुझ्याजवळ अमुक माणूस असेल. चौथं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण मुलाच्या मनातला खरा प्रश्न तोच असतो.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत घरी पाठवतात, बऱ्याचदा ड्रेनची (जखमेत साचणारं पाणी बाहेर काढणारी) नळी आणि डबी सोबत घेऊनच. रोज ठरावीक वेळी डबीतलं पाणी मोजून लिहायचं असतं. सलग दोन दिवस चोवीस तासांत साधारण ३० मिलिलिटरपेक्षा कमी आलं की नळी काढतात, रुग्णालयागणिक हा आकडा थोडा बदलतो. पाणी लालसर असतं, मग गुलाबी, मग पिवळट होत जातं. अचानक पुन्हा गडद लाल झालं, वास आला किंवा एकदम थांबून छाती फुगली तर लगेच फोन करायचा. हे मोजणं स्वतः करायला जड जात असेल तर घरच्या कुणालातरी रुग्णालयातच नर्सकडून शिकून घ्यायला सांगा. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या असतील तर दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो. काहींना काढलेल्या स्तनाच्या जागी खाज किंवा टोचल्यासारखं जाणवतं. मज्जातंतू कापले गेल्यावर असं होतं, त्यात वेड्यासारखं काही नाही. पण कुणी आधी सांगितलं नसेल तर बाई घाबरते आणि लाजेने बोलत नाही.

पट्टी पहिल्यांदा निघते तो दिवस वेगळा हाताळावा लागतो. त्या वेळी आरशात बघायचं की नाही, सोबत कोण असावं, नवऱ्याने बघावं की नाही, याला बरोबर-चूक असं उत्तर नाही. नर्सला आधी सांगून ठेवलं तर ती थांबते, एकेक थर काढते, आधी वर्णन करून सांगते. आज नको वाटलं तर आज नको. मात्र आठवड्यांमागून आठवडे अंघोळ अंधारात किंवा डोळे मिटून होत असेल, जोडीदार जवळ आला की अंग आकसत असेल, तर समुपदेशकाशी बोलायचा तो विषय आहे. जोडीदारही बऱ्याचदा ‘तिला त्रास होईल’ म्हणून दूर राहतो आणि ती समजते की त्याला किळस वाटते. दोघं एकमेकांना सांभाळण्यासाठी गप्प राहतात आणि त्या गप्प राहण्यानेच अंतर वाढतं. ‘मला मिठी हवी आहे, पण डाव्या बाजूने नको’ इतकं साधं वाक्य इथे फार काम करतं. तात्पुरता मऊ, हलका कृत्रिम स्तन लगेच वापरता येतो. सिलिकॉनचा वजनदार मात्र जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, डॉक्टरांना विचारून.

केमोच्या काळात मदतीचं वेळापत्रक सायकलच्या दिवसांवर बसवावं. एक नेहमीचा क्रम म्हणजे ‘एसी’ या दोन औषधांच्या जोडीच्या चार सायकल, दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने, आणि मग पॅक्लिटॅक्सेल हे औषध दर आठवड्याला बारा वेळा. सलाईनच्या दिवशी सोबत यायला सगळे तयार असतात. खरी गरज नंतर असते. उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळे पहिल्या एकदोन रात्री झोप येत नाही, अंगात उसनं बळ येतं, आणि ते उतरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळतो. डोळ्यांना धार लागते, आणि बाईला वाटतं आपलं मन कमजोर आहे. हा उतार औषधाचा आहे हे घरच्यांना माहीत असायला हवं. त्या दोन दिवसांसाठी घरात थांबणारं माणूस आधीच ठरवा. सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. तेव्हा भेटायला येणाऱ्यांना नम्रपणे थांबवावं, हे काम घरातल्या ठाम माणसाने करावं, रुग्ण बाईने नाही. ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला तर वेळ कोणतीही असो, रुग्णालयात फोन. आधी तापाची गोळी घेऊन बघू, असं करायचं नाही. थर्मामीटर, रुग्णालयाचा रात्रीचा नंबर आणि गाडी कोण आणणार त्याचं नाव भिंतीवर एकाच कागदावर लावा. रात्री दोन वाजता कुणाला उठवू, हा संकोच त्या कागदाने निम्मा होतो.

केस पहिल्या सलाईननंतर दोन-तीन आठवड्यांनी गळतात. गळायच्या आधी टाळू दुखते, उशीला टेकवत नाही. बारीक कापून घेतले तर ओंजळभर केस हातात येण्याचा धक्का कमी होतो. पॅक्लिटॅक्सेलने बोटांची टोकं बधिर होतात. चहाचा कप धरता येतो पण कपड्याची बटणं लागत नाहीत. मोठ्या माणसाला दुसऱ्याकडून बटणं लावून घ्यावी लागणं हे उलटीपेक्षा जास्त लागतं. पुढून उघडणारे, चेनचे किंवा सैल कपडे आधीच काढून ठेवा. आणि बधिरपणा डॉक्टरांना सांगा, सहन करू नका, कारण त्यावरून औषधाचा डोस बदलावा लागू शकतो.

‘काही लागलं तर सांग’ म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि मनापासून म्हणतात. तरी त्यातून काही घडत नाही, कारण काय लागणार ते शोधून मागण्याचं काम पुन्हा आजारी बाईवरच येतं. यावर एकच उपाय चालतो. कामांची यादी करून ती एका जवळच्या माणसाकडे द्यायची आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याचा नंबर द्यायचा. यादीत काम नेमकं हवं: मंगळवारी शाळेतून मुलाला आणणं, गुरुवारी रक्ततपासणीला गाडी, रविवारी दोन तास नवऱ्याला सुट्टी. तब्येतीची खबरही त्याच माणसाने सगळ्यांना एकत्र कळवावी. रोज दहा जणांना तेच सांगणं फार थकवतं.

नको असलेल्या आधाराबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. ‘पॉझिटिव्ह राहा, मनानेच आजार बरा होतो’ हे वाक्य चांगल्या हेतूने येतं आणि जखम करून जातं. त्याचा उलटा अर्थ असा निघतो की रडलात तर गाठ वाढेल. असं नाही. या प्रश्नावर गंभीर संशोधन झालेलं आहे. डेव्हिड स्पीगल आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शरीरात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ स्त्रिया होत्या. आठवड्यातून एकदा आधारगटात बसणाऱ्या स्त्रिया जास्त काळ जगल्याचं त्यात दिसलं आणि जगभर मोठी आशा निर्माण झाली. पुढे २००१ साली कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. पण गटात बसणाऱ्यांची मनःस्थिती सुधारली आणि वेदना कमी जाणवल्या, आधीच खचलेल्यांना हा फायदा जास्त झाला. म्हणजे गट हे औषध नाही, पण जगणं सुसह्य करणारी गोष्ट नक्की आहे. आणि हसतमुख राहण्याची सक्ती कुणावर नाही.

दुसरीकडे, एकटं पडणं खरोखर घातक ठरू शकतं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून २००६ साली पुढे आलेल्या निष्कर्षांत, निदानाआधीच माणसांपासून तुटलेल्या स्त्रियांचं मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. संशोधकांनी त्याचं संभाव्य कारण मानलं ते काळजी घेणारं माणूस जवळ नसणं. गाडीने नेणारा, गोळीची आठवण करणारा, ताप मोजणारा कुणी नसेल तर उपचारच अपुरे पडू शकतात. म्हणून एकट्या राहणाऱ्या स्त्रियांनी समाजसेवा विभागाला पहिल्याच भेटीत तसं सांगावं. मदत मिळायला अर्ज, चौकशी असा वेळ जातो, तिसऱ्या सायकलला सांगून उशीर होतो.

ताण किती आहे हे मोजायला एक सोपं साधन आहे, डिस्ट्रेस थर्मामीटर. कागदावर थर्मामीटरचं चित्र असतं, खाली ० आणि वर १०. आज धरून गेल्या आठवड्यात किती त्रास झाला, त्या आकड्याला गोल करायचा. शेजारी प्रश्नांची यादी असते: प्रवास, पैसे, मुलं, झोप, भीती, श्रद्धा, वेदना. आकडा ४ किंवा जास्त आला तर पुढची चौकशी व्हायला हवी असा संकेत आहे. कुणी हा कागद देत नसेल तर घरी वहीत आकडा लिहा आणि डॉक्टरांना तसाच सांगा. ‘बरं वाटत नाही’ या वाक्यावर दोन मिनिटांच्या भेटीत काही होत नाही. ‘तीन आठवडे सात आहे, मुख्य कारण झोप आणि भीती’ यावर होतं.

नैराश्य ओळखणं इथे अवघड असतं, कारण थकवा, भूक मंदावणं, झोप बिघडणं ही केमोचीही लक्षणं आहेत. त्यामुळे दुसऱ्या खुणांकडे बघावं. कशातच गोडी न वाटणं, चांगल्या दिवशीही मन न उघडणं, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं सतत वाटणं, पुढचं काहीच न दिसणं. हे दोन आठवडे टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा असं आपणहून म्हणा. जगणं नको असं वाटू लागलं तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगायचं, पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, पाच दिवसांत बंद करू नका. टॅमॉक्सिफेन (संप्रेरकांचा परिणाम अडवणारी कॅन्सरची गोळी) चालू असेल तर तज्ज्ञाला ते आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिनसारखी औषधं यकृतातल्या ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्याच विकराने टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप तयार होतं. वेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्याच दुसऱ्या औषधाने ही अडचण फारशी येत नाही, शिवाय अंगातून येणाऱ्या गरम वाफाही कमी होतात. दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवण्याचं काम अखेर रुग्णालाच करावं लागतं.

रेडिएशनला येईपर्यंत मदत करणारे थकलेले असतात. उपचार रोज, आठवड्याचे पाच दिवस, साधारण तीन ते पाच आठवडे. यंत्रावर काही मिनिटंच लागतात, प्रवास आणि रांगेत अर्धा दिवस जातो. थकवा शेवटच्या आठवड्यांत वाढतो आणि संपल्यावरही काही आठवडे राहतो. सोबत येणाऱ्यांची पाळी लावायची खरी गरज इथे आहे. घरात सेवा करणाऱ्या माणसालाही याच सुमारास झोप न येणं, चिडचिड, पाठदुखी सुरू होते. त्याच्यासाठी आठवड्यातला अर्धा दिवस मोकळा ठेवणं यादीत लिहा, कामाइतक्याच ठळकपणे.

मग एक दिवस उपचार संपतात, सगळे अभिनंदन करतात, आणि बऱ्याच स्त्रियांचं मन तेव्हाच ढासळतं. तोवर दर आठवड्याला कुणीतरी नाडी बघत होतं, रक्त तपासत होतं. आता पुढची तारीख तीन महिन्यांनी. नातेवाईक आपापल्या कामाला लागतात, घर पूर्वीसारखं चालावं अशी अपेक्षा येते, आणि अंग मात्र अजून थकलेलं असतं. हे घडणार हे गृहीत धरूनच शेवटच्या सलाईनच्या आधी समुपदेशकाची पुढची वेळ घेऊन ठेवा. उपचार पूर्ण केलेल्या स्त्रियांच्या गटात जायला हाच काळ सर्वांत योग्य वाटतो. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं. एखाद्या गटात औषध विकलं जात असेल, उपचार सोडायला सांगत असतील किंवा घरी परतल्यावर दर वेळी भीती वाढत असेल तर दुसरा गट शोधा.

परत उद्भवण्याची भीती जात नाही, तपासणी जवळ आली की फुगते. पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा भेट, आणि उरलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी. दर लहानसहान दुखण्याला धावायचं की दुर्लक्ष करायचं, यासाठी डॉक्टरांकडून लेखी यादी घ्या: कोणती लक्षणं लगेच दाखवायची आणि कोणती दोन आठवडे टिकली तर. तपासणी आणि निकालाची भेट शक्य तितक्या जवळच्या तारखांना मागा. बहुतेक ठिकाणी विनंती केल्यास जुळवून देतात. निकालाच्या भेटीला सोबत कोण येणार हे तारीख मिळाल्याच दिवशी ठरवून त्याच्याही कॅलेंडरमध्ये लिहून टाका.